टँकर आला की ती मारून घ्यायची

लातूर नवा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. सरकारी कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या, आणि काही पाट्यांवर नव्या रंगाखालून 'उस्मानाबाद' अजून वाचता यायचं. त्या दिवसांत मी नांदेडहून तिथं नोकरीला गेले. मतिमंद मुलांची एक निवासी शाळा गावाबाहेर, बंद पडलेल्या डाळमिलच्या शेजारी, नुकतीच सुरू झाली होती. या कामाचं शिक्षण मी हैदराबादला घेतलं होतं. मी साध्या शाळेत मास्तरीण व्हावं असं वडिलांना वाटायचं. "तिथं तुला ओळखणारं कोण हाय?" एवढंच ते म्हणाले, आणि ट्रंक बसच्या टपावर चढवून दिली.

खोली मिळाली ती एका किराणा दुकानदाराच्या घरामागं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता, नळ आठ-आठ दिवस कोरडा असायचा. मालकीणबाई वाईट नव्हत्या. पण माझं आडनाव कळल्यापासून माझी घागर त्यांच्या हौदाला लागलेली त्यांना चालत नसे. मी घागर फरशीवर ठेवून मागं सरायची, त्या तांब्यानं वरून धार धरायच्या.

"पुरं का वं?"

"हाव, पुरं."

कितीतरी दिवस असे गेले, की घरी आल्यावर माझ्या तोंडून तेवढेच दोन शब्द निघाले.

शाळेत विसेक मुलं होती. त्यात उदगीरची एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. बोलायची नाही. उजव्या हाताची मूठ वळून स्वतःच्या कानशिलावर मारून घ्यायची. तिथली कातडी काळी, जाड झाली होती. मुख्याध्यापक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला माझ्यापुढं आणून उभं केलं.

"आम्ही समदं करून पाहिलं बाई. रागावलो, हात बांधले, गोळ्या दिल्या. आता तुमची विद्या काय म्हणते ते बघा."

माझी विद्या म्हणत होती, आधी काहीच करू नका. जे आहे ते जसंच्या तसं मोजा. 'चिडते', 'अंगात आल्यासारखं करते' हे लिहून चालत नाही, कारण चिडणं कुणाला दिसत नाही. म्हणून मी ठरवलं, वळलेली मूठ कानशिलाला लागली तर एक रेघ. नुसती उगारली तर नाही. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायच्या: त्याच्या जरा आधी काय चाललं होतं, तिनं काय केलं, आणि त्यानंतर काय झालं. आणि हे लिहिताना आपण भिंतीसारखं बसायचं. तिच्याकडं बघून हसायचं नाही, उठायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. नाहीतर आपण तिला मोजत नाही, आपल्यालाच मोजतो.

हे हैदराबादच्या वर्गात सोपं वाटलं होतं. इथं ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसून ठक् ठक् मारून घ्यायची आणि मी खाली मान घालून रेघा ओढायची. कधी कधी ती मारता मारता थांबून माझ्याकडं बघायची. त्या बघण्याला मी काहीही उत्तर द्यायचं नव्हतं.

गुरुजींना ते सहन झालं नाही. एका दुपारी दारातून ओरडले, "लेकरू सोतःला मारून राहिलं अन् तुम्ही रेघा मारून राहिल्या! काळीज हाय का न्हाई?"

"गुरुजी, थोडे दिवस फक्त."

"थोडे दिवसांत कान फुटंल तिचा."

मी पुढची रेघ ओढली. खोलीवर आल्यावर जेवण गेलं नाही. नांदेडला असते तर आईपाशी बोलले असते. पत्रात असलं काही लिहिता येत नाही. "मी बरी आहे, पाण्याची अडचण आहे," इतकंच लिहून पत्र बंद केलं.

आठवड्याभराचे कागद पुढ्यात घेऊन बसले तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. बाकीच्या वेळी रेघा विरळ होत्या, आणि शाळेत पाण्याचा टँकर यायच्या वेळेला नुसती गर्दी. टँकर कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, पण रेघांची गर्दी त्याच्या मागंमागं सरकायची. गुरुजींना दाखवलं तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे हॉर्नला भेती ती. ड्रायव्हर कसला कर्कश वाजवतो!" त्या दिवसापासून टँकर आला की स्वयंपाकाच्या मावशी तिच्या कानात कापसाचे बोळे घालू लागल्या. काही फरक पडला नाही.

मग मी पुन्हा 'आधी' आणि 'नंतर'चे रकाने वाचत गेले. टँकर आला की शाळेत काय व्हायचं? गुरुजी, मावशी, शिपाई, मी, झाडून सगळे बादल्या घेऊन धावायचो. पाणी संपायच्या आत टाकी भरायची असायची. मुलं वर्गात एकटी; मी बादली घेऊन येता-जाता दारातून बघून रेघा ओढायची. 'आधी'च्या रकान्यात मी पुन्हा पुन्हा एकच लिहिलं होतं, जवळ कोणी नाही. आणि 'नंतर'च्या रकान्यात, मावशी धावत आल्या. गुरुजींनी हात धरला. शिपायानं मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा मी बादली उचलली नाही. कापूस काढून टाकला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. बाहेर हॉर्न, डबे आदळल्याचा आवाज, आरडाओरडा. ती माझ्या बांगड्या एकेक करून वर-खाली सरकवत राहिली. तिनं मूठ वळलीसुद्धा नाही.

माणूस जवळ यावं म्हणून ती मारून घेत होती. दुसरी हाक तिच्याकडं नव्हती.

तिला दुसरी हाक द्यायची असं मी ठरवलं. तिचा हात धरून माझा पदर ओढायला लावायचा आणि ओढला की त्याच क्षणी वळून तिच्याशी बोलायचं, हसायचं. मूठ कानाला लागली तर तिचा हात अलगद खाली करायचा, पण बोलायचं नाही, तोंडाकडं बघायचं नाही. पहिले काही दिवस ती जास्तच जोरात मारू लागली. हेही शिकवलेलं होतं, जे इतके दिवस चाललं ते चालेनासं झालं की माणूस आधी तेच आणखी जोरानं करून बघतं. पण शिकणं वेगळं आणि तिचं सुजलेलं कानशील बघणं वेगळं. टँकरच्या वेळी मी तिच्याजवळ बसत असल्यामुळं दोन हात कमी पडायचे, म्हणून मावशीही माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जेवताना माझं ताट जरा बाजूला मांडलेलं असायचं. रविवारी मी उगीच बसस्टँडवर जाऊन बसायची. माणसांचा आवाज कानावर पडावा म्हणून.

आणि मग एकदा मी खिडकीतून बाहेर बघत उभी असताना मागून पदराला ओढ लागली. हात धरून कुणी शिकवलेली नाही, तिची स्वतःची. मी वळले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी आता काय करते याची वाट बघत. मी खाली बसले आणि तिच्याशी काय काय बोलत सुटले ते आता आठवत नाही. नोंद करायची राहूनच गेली.

त्यानंतर रेघा उतरत गेल्या. गुरुजींनीही धोतराचा सोगा तिच्या हाताला लागेल असा पुढं सोडायला सुरुवात केली.

उन्हाळा लागायच्या आतच शाळेची विहीरही पुरती आटली आणि टँकरचा भरवसा उरला नाही. मुलांना घरी पाठवायचं ठरलं. तिला न्यायला आई आली, उदगीरच्या डाळमिलमध्ये डाळ निवडणारी, बारीक बांध्याची. मी तिला समजावून सांगितलं, "पदर ओढला की लगेच बघायचं. हातातलं काम टाकून."

"बाई, दिसभर मी मिलमधी. घरला आलं की पाण्याच्या रांगंत. पदर सापडायचा कवा तिला?"

"घरात दुसरं कोण आहे?"

"थोरली हाय. तिचं तिलाच उरकंना."

मग तिनं विचारलं, "तुमी एकट्या ऱ्हाता का हितं?"

"हो."

"आन् तुमचं कोण बघतं?"

मी तिच्या पिशवीत मुलीचे कपडे भरत राहिले.

महिन्याभरानं मी उदगीरला गेले. रेल्वेलाईनच्या पलीकडं त्यांचं घर होतं. थोरली बहीण ओसरीवर भाकरी थापत होती, धाकटी तिच्या पाठीशी. तिनं बहिणीची ओढणी ओढली की बहीण मान न वळवता ओरडायची, "हाय गं, हाय! हितंच हाय!" आणि तेवढ्यावर ती शांत व्हायची. जवळ यायची गरज नव्हती, आवाज पुरत होता. हे मला सुचलं नव्हतं. मारून घेणं अजून पुरतं गेलं नव्हतं, पण कानशिलावरची काळी कातडी निघून खाली कोवळी गुलाबी आली होती.

तिनं मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा बहिणीच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मला आनंद झाला, खरंच झाला. परतीच्या बसमध्ये मात्र लातूर येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

पावसाळ्यात शाळा उघडली, ती आली नाही. तिच्या जागी दुसरा मुलगा आला, त्याचं सगळं निराळंच होतं. नव्या कागदावर मी नव्या रेघा ओढायला लागले. सवड काढून मी आणखी एकदा उदगीरला गेले, तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी बाहेर येऊन कानडीत बरंच काही सांगत होती. मला त्यातलं 'बीदर' तेवढं कळलं, आणि हातवाऱ्यांवरून, सगळे तिकडं राहायला गेले. तिनं मला पाणी आणून दिलं, भांडं माझ्या हातात दिलं. मी पाणी प्यायले, मान डोलावली आणि स्टँडकडं चालू लागले.