मेझुझाच्या खिळ्यावर

"वास्तुशास्त्र आपल्याला चालत नाही, त्यात पूजा येते," मावशी म्हणाली. "फेंगशुईत देवच नाही. मग आपल्याला काय अडचण?"

आईला हे लगेच पटलं. पटायला कारणही होतं. वाळूजच्या कंपनीनं पप्पांना घरी बसवलं होतं आणि गारखेड्यातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवसभर चपलांचा एक जोड हलायचा नाही. शेजारच्यांनी वास्तू बघणाऱ्या गुरुजींचा नंबर देऊ केला होता. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, त्यामुळे आईनं तो नम्रपणे नाकारला आणि ठाण्याच्या बहिणीला बोलावून घेतलं. मावशी पण आमच्यातलीच, आणि तिनं फेंगशुईचा कोर्स केला होता.

आल्या आल्या तिनं घर हलवायला घेतलं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला आवडलं. खिडकीपुढची खोकी गेली, उजेड आला. पलंग फिरवला, तर खोली मोठी वाटायला लागली. मी काही बोलले नाही. तशी मी घरात कमीच बोलते.

मग एक पोट सुटलेला, हसणारा पुतळा टीव्हीशेजारी आला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्या बौद्ध आहेत, बँकेत काम करतात, आणि मनातलं तोंडावर बोलतात.

"हे काय आणलं ताई?"

"लाफिंग बुद्धा," आई म्हणाली.

"बुद्ध? व्हय का!" काकू वाकून बघत राहिल्या. "आमचे बुद्ध असं पोट सोडून बसत नाहीत. लई शांत असतात."

"मग हा कोण?"

"तुम्ही आणला, तुम्हीच सांगा."

मला हसू आलं, पण मी ते स्वयंपाकघरात नेलं. घरात मूर्ती ठेवायची नाही, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात. मावशी म्हणाली की ही मूर्ती नाही, शोपीस आहे. आई म्हणाली, "ऐकलंस ना?" मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर भलामोठा आरसा लागला. जेवणाचं टेबल आरशात दिसलं की अन्न दुप्पट होतं, असं मावशीचं गणित. पण जेरुसलेम आपल्याकडून पश्चिमेला आहे, म्हणून पप्पा त्याच भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतात. संध्याकाळी डोक्यावर टोपी घालून, पुस्तक उघडून ते उभे राहिले आणि थांबले.

"समोर मीच उभा आहे," ते म्हणाले. "माझीच प्रार्थना करू काय?"

आरशासमोर प्रार्थना करायची नसते, हे मावशीलाही माहीत होतं. ती म्हणाली, "दाजी, थोडं सरकून उभे राहा ना." पप्पा सरकले. सरकत सरकत स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या फटीत उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. नोकरी गेल्यापासून ते घरात कशालाच नाही म्हणत नव्हते. ज्याचा पगार बंद त्याला मत कुठलं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला त्या पुतळ्यापेक्षा ती फट जास्त लागली.

तरी मी गप्पच होते. मग गुरुवारी ऑफिसातून आले.

आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा आहे. बोटाएवढी पितळी डबी, तिरकी बसवलेली. आत चामड्याच्या तुकड्यावर हातानं लिहिलेला, तोराह या आमच्या धर्मग्रंथातला मजकूर असतो. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना टेकवायची. लहानपणी पप्पा त्यासाठी मला उचलून घेत. त्या दिवशीही मी न बघता हात नेला. काहीतरी गार लागलं, किणकिणलं. बोटं ओठांपर्यंत गेली आणि मग मी वर पाहिलं. मेझुझाच्या वरच्या खिळ्याला लाल फीत बांधलेली होती आणि फितीत भोकाची चिनी नाणी.

"नवीन खिळा कशाला ठोकायचा?" मावशी आतून म्हणाली. "रंग उडतो. दोन्ही एकाच ठिकाणी राहतील."

म्हणजे मी नाण्यांचा मुका घेतला होता. सकाळपासून आईनंही तोच घेतला असणार.

मी तेव्हाही काही बोलले नाही. रात्रभर स्वतःवरच चिडून राहिले. शुक्रवारी संध्याकाळी, आई शब्बाथच्या, म्हणजे आमच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावायच्या तयारीत असताना, मी स्टूल घेतलं, कात्री घेतली आणि फीत कापली.

नाण्यांच्या आवाजानं आई धावत आली. "अगं काय करतेस! सोमवारी पप्पांचा इंटरव्ह्यू आहे!"

"माहीत आहे."

"मग? काही झालं तर?"

"आई, पलंग फिरवलात, ठीक. खोकी काढलीत, फार चांगलं झालं. पण इथं नाही."

"तोंड फुटलं वाटतं हिला," मावशी म्हणाली. "अगं, ही नुसती ऊर्जा आहे."

"त्या डबीत काय लिहिलंय, मावशी? देव एकच आहे, असंच ना? त्याला मदतनीस लागतो असं कुठं लिहिलंय?"

माझा आवाज कापत होता. तो मला थांबवता आला नाही आणि मी थांबवलाही नाही.

"आणि नोकरी नाही मिळाली तर?" आईनं विचारलं. ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती.

"तर नाही मिळणार. पण मिळाली, तर ती नाण्यांनी मिळाली असं मला या घरात ऐकायचं नाही."

पप्पा दारात येऊन उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो आरसा जड आहे. इकडून धर." आम्ही तो उतरवला आणि पलंगामागे उभा केला. रविवारी पुतळ्याला टॉवेलात गुंडाळून मावशी ठाण्याला गेली.

पप्पांना ती नोकरी मिळाली नाही.

मावशीचा फोन आला. आईनं स्पीकर लावला होता. "मी सांगत होते," मावशी म्हणाली.

मी फोन हातात घेतला. "मावशी, नोकरी मिळाली नाही, खरं आहे. नाणी परत लागणार नाहीत, हेही खरं आहे."

"किती उर्मट झालीस."

"हो," मी म्हणाले.

आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पप्पा अजून अर्ज करतायत आणि संध्याकाळी हॉलमध्ये, मोकळ्या भिंतीसमोर उभे राहतायत. दार लावताना आईची नजर त्या खिळ्यावर जाते, ते मला दिसतं. ती फीत तिनं कपाटात जपून ठेवली आहे, तेही मला माहीत आहे. तिनं ती परत बांधली तर मी परत कापीन. हे तिला मी सांगितलेलं आहे, आणि या वेळी माझा आवाज कापला नाही.