सत्तारभाईंनी माया कापली

मोर्शीत आमच्या शाळेसमोर अब्दुल सत्तार यांचं शिवणकामाचं दुकान आहे. माणूस हाडाचा कारागीर आणि तोंडानं फटकळ. ब्लाउजचा गळा बिघडला तर दोष माझ्या गळ्याला देणारा. तीस वर्षं मशीनवर बसून आणि बायकोच्या, कुलसुमभाभींच्या हातचं खाऊन त्यांचं वजन एकशे बारा किलोवर गेलं होतं. संत्र्याच्या बागा वाळत होत्या आणि कपाशीला भाव नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गिऱ्हाईक रोडावलं तरी सत्तारभाईंचं पोट काही रोडावलं नाही.

मग त्यांचं हृदय ताल सोडून धडधडायला लागलं. जिना चढताना, कधी नुसतं बसल्या बसल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार घालून हृदयातली बिघाडाची जागा जाळली आणि ठोके ताळ्यावर आले. घरी सोडताना त्यांनी बजावलं, की वर्षभरात पंधरा किलो उतरवा, नाहीतर धडधड परत येईल आणि पुन्हा तार घालायची पाळी येईल.

आता आमच्या गावची रीत सांगते. दवाखान्यातून आलेला माणूस अशक्तच असतो, मग तो दरवाजात मावत का नसेना. सत्तारभाईंना ताकद यावी म्हणून बहिणीकडून रोज सकाळी पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा आला, व्याह्यांकडून तूप आलं, आणि मी, मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, साजूक तुपातला शिरा घेऊन गेले. दोन-तीन महिन्यांत वजन चार किलो वाढलं. एका दुपारी काज करता करता ते थांबले आणि छातीवर हात दाबून बसून राहिले. तासाभरानं धडधड आपोआप थांबली, पण भाभींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला माझ्या शिऱ्याची मनापासून लाज वाटली.

त्याच आठवड्यात त्यांनी ईदसाठी स्वतःचा कुर्ता बेतला. पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला माया म्हणतात. स्वतःच्या कुर्त्यात सत्तारभाई भरपूर माया ठेवत. या वेळी त्यांनी पोटाचं माप सहा इंच कमी धरलं आणि शिवून झाल्यावर आतली माया कात्रीनं साफ कापून टाकली.

"मॅडम, माया ठेवली का आंग तिकडंच पसरते," ते म्हणाले. "आता मले याच कुर्त्यात बसा लागते."

पाया बंद झाला, चहातली साखर बंद झाली. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, आणि रोज सकाळी बागांच्या रस्त्यानं चालणं. चालणं सोपं होतं, ताटावरचा आग्रह मोडणं महाकठीण. पाया परत पाठवला म्हणून बहीण महिनाभर बोलली नाही. त्यात वजन उतरू लागलं तसा लोकांचा भलताच समज झाला. त्या वर्षांत माणूस वाळला की आम्हाला एकच अर्थ ठाऊक होता, घरात खायला उरलं नाही. कोणी हळूच विचारलं, मशीन विकता का. खेड्यावरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं तर दुकानात ज्वारीचं पोतं आणून ठेवलं. प्रत्येकाला सत्तारभाई एकच सांगत, "मी सुकलो नाई, सुधरून राहिलो." पोतं मात्र त्यांनी ठेवून घेतलं, भाकरीला लागतंच म्हणून.

ईदला कुर्ता अंगात गेला. बगलेत जरा तंग झाला, पण बटणं लागली, आणि मी शाळेत सगळ्यांना ते अभिमानानं सांगत सुटले.

वर्ष भरल्यावर तपासणीला त्यांनी मलाही नागपूरला नेलं, कारण रिपोर्ट इंग्रजीत असतो. वजन सत्त्याण्णव भरलं. चोवीस तास छातीला लावलेल्या यंत्रात एकही ठोका चुकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तार घालायची गरज नाही.

कुलसुमभाभी उठल्या. सगळ्यांदेखत त्यांनी नवऱ्याच्या छातीवर पंजा ठेवला.

"सालभर मी हात लावला नाई," त्या म्हणाल्या. "मले भेव वाटे."

पंजा न हलवता त्यांनी ठोके चाचपले. मग म्हणाल्या, "सरळ चालून राहिलं." तो फटकळ माणूस डॉक्टरांसमोर ढसाढसा रडला. मी रिपोर्ट वाचून दाखवायला गेले होते, पण तो मला कोणी वाचायला सांगितलाच नाही.