हसनचा पेला

सारंगकाका पाणी सगळ्यांत शेवटी पीत. स्टुटगार्टच्या आमच्या मंडळात गणपतीची जेवणं सुरू झाली की ते पाण्याचा जग घेऊन फिरत. कुणी नको म्हटलं तर समोरून हलत नसत. "तहान लागंपर्यंत थांबू नको रे इंजिनेर," मला म्हणत. सगळ्यांचे पेले भरले, की भिंतीशी उभे राहून स्वतः घोटभर घेत आणि खूश होत.

ते सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, कधीच नव्हते. ब्रिटिशांच्या बोटीवर साधे खलाशी होते, जयगडच्या खाडीकडचे. नाव आम्ही दिलेलं. युद्धात त्यांची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुढे बंदरं हिंडत ते हॅम्बुर्गला उतरले, हेल्गाकाकूंशी लग्न केलं आणि त्यांच्या माहेरी स्टुटगार्टला राहिले. काकू म्हणायच्या, "आमच्या लोकांनी ह्याला भिजवलं आणि सुकवायला मला ठेवलं." त्यावर काका, "जा, जा, अजून ओलाच आहे मी."

बोट बुडाल्यानंतरची गोष्ट ते कुणालाही सांगत, जर्मनमध्ये उत्तरं देणाऱ्या आमच्या पोरांनासुद्धा. पण त्या गोष्टीत ते स्वतः फारसे नसतच. असायचा तो हसन, त्यांच्याच गावचा. जीव वाचवायच्या होडीत पाण्याचं पिंप हसनच्या ताब्यात होतं. टिनाच्या छोट्या पेल्याने तो सगळ्यांना सारखं पाणी देई आणि शेवटी स्वतः घेई. काकांची सवय ती त्याची. एका गोऱ्या अधिकाऱ्याने जास्त मागितलं तेव्हा हसन म्हणाला, "साहेब, हितं सगळ्यांची नरडी सारखीच." पाणी आटत आलं तसा तो रिकामाच पेला तोंडाला लावू लागला. काकांच्या ते लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. एका जहाजाने बाकीच्यांना उचललं, पण हसन त्याआधीच गेला होता.

ही गोष्ट मी मंडळाच्या अंकात लिहिली. हसनला काढला आणि पेला काकांच्या हातात दिला. आपला माणूस समोर आहे, मोठेपण त्यालाच मिळावं, असं मी स्वतःला सांगितलं. गणपतीच्या अंकात हसन कशाला, असंही मनात आलं होतं. ते आता लपवत नाही.

लोकांना गोष्ट फार आवडली. शाल-श्रीफळ देऊन काकांचा सत्कार झाला. परतताना एस-बानच्या लोकलमध्ये काकांनी शालीची घडी माझ्या मांडीवर ठेवली. "मेल्या, समुद्रानं हसनला एकदाच नेला होता." मग नारळ पिशवीत टाकला. "हा मात्र मी नेतो. रविवारी माशाची आमटी आहे. ये."

मी गेलो, आमटी दोनदा वाढून घेतली, आणि पुढच्या अंकात दुरुस्ती करतो म्हणालो. केली नाही. काकांनी तो विषय परत काढला नाही. रविवारची आमंत्रणं मात्र चालू राहिली, आणि परदेशातले माझे सगळ्यांत सुखाचे दुपारचे तास मी त्यांच्याच टेबलाशी घालवले.

काका म्हातारपणी झोपेतच गेले. शोकसभेत मला तोच लेख वाचायला सांगितला आणि मी तो वाचला. काकूंना मराठी बऱ्यापैकी समजायचं. संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "आणि हसन?"

यंदा मंडळातली तरुण मंडळी तो लेख पुन्हा छापणार होती. मी त्यांना त्याऐवजी हा लेख दिला आहे. पाणी वाटणारा हसन होता. सारंगकाका ते पाणी पिऊन जगले, आणि जन्मभर त्यांना तेवढंच सांगायचं होतं.