बर्फात ठेवलेलं रजिस्टर

कुठे वादळ धडकल्याची बातमी आली की रेकॉर्डबाई आधी पिशवी भरायला घेत. टीपकागदाचा गठ्ठा, हाडाची पातळ पट्टी, दोन जुन्या चादरी. नवरा म्हणे, "बायका माहेरी जातात, आमची ही बुडालेल्या कचेऱ्यांत जाते."

नोकरी त्यांची स्वतःच्या गावच्या नगरपालिकेत, दप्तरखान्यात. पण दुसऱ्या कुठल्या पालिकेची वादळाने वाट लावली की साहेब मदतीला त्यांनाच धाडत. नाही धाडलं तर त्या रजा टाकून जात, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

याचं मूळ नऊ वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्यांच्याच कचेरीत पाणी शिरलं. घरांच्या नोंदींच्या रजिस्टराचा लगदा पाहून बाईंनी 'निरुपयोगी' असा शेरा मारला, सही ठोकली आणि ते पुरून टाकायला लावलं. पडलेलं घर सरकारकडून बांधून मिळायचं, तर ते उभं होतं याची नोंद लागते. त्या पुरात पडलेल्या, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याच्या घराची नोंद त्यातच होती. तेव्हापासून तो दर सोमवारी खिडकीशी येऊन विचारी, "बाई, सापडलं का माझं पान?" बाई म्हणत, "शोधतेय." खरं सांगायची छाती होत नव्हती.

यंदा खाडीकाठच्या एका पालिकेची पाळी आली. बाई पोहोचल्या तर तिथल्या हेडक्लार्कने सगळी रजिस्टरं गच्चीवर उन्हात मांडलेली.

"कडकडीत वाळवलीत, मॅडम," तो छाती फुगवून म्हणाला.

पानं एकमेकांना चिकटून एकेका रजिस्टराची वीट झाली होती. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, रजिस्टर म्हणजे काय धुणं वाटलं तुम्हाला?"

वाचलं होतं ते एकच. कपाटाचा खालचा कप्पा फुगून बसल्यामुळे ते कुणाला काढता आलं नव्हतं, म्हणून अजून ओलं होतं. खाडीलगतच्या तीनशे घरांचं रजिस्टर. त्यातलं एकही घर आता उभं नव्हतं.

मुख्याधिकाऱ्यांनी छापील कागद पुढे सरकवला. "निरुपयोगी म्हणून सही करा, म्हणजे सगळेच सुटू."

बाईंनी कागद परत सरकवला. "इथे बर्फाचा कारखाना कुठे आहे?"

बाईंना ऊन लागलं असं हेडक्लार्कला वाटलं. पण गोठलेल्या कागदाला बुरशी चढत नाही, शाई पसरत नाही, हे बाई पुरलेल्या रजिस्टरानंतर शिकल्या होत्या. रजिस्टर चादरीत गुंडाळून कारखान्यात बर्फावर, मासळीच्या खोक्यांशेजारी ठेवलं. मग रोज ते कचेरीत आणून थोडी पानं सुटी करायची, पट्टी सरकवायची, टीपकागद घालायचा, पंख्याखाली ठेवायचं. हेडक्लार्क दोन दिवस गाल फुगवून बसला, तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून नोंदी उतरवून घ्यायला लागला. कचेरीभर मासळीचा वास सुटला.

"दोन खोल्या, ओसरी, मागे मोरी," बाई एक पान वाचत होत्या. खिडकीबाहेर उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मोरी मी भांडून बांधून घेतली होती," आणि तिथेच रडायला लागली. बाईंना पुढची ओळ वाचवेना.

अकरा दिवसांत दोनशे एक्क्याण्णव घरं सापडली.

बाई घरी परतल्या. सोमवार आला आणि खिडकीशी लॉन्ड्रीवालाही.

"सापडलं का, बाई?"

"नाही सापडायचं. मीच पुरायला लावलं ते. सही माझी होती." मग त्यांनी बर्फाचं, मासळीचं, सगळंच सांगून टाकलं.

"नऊ वर्षं फेऱ्या मारल्या मी," तो एवढंच बोलला आणि निघून गेला.

पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला. बाईंना वाटलं, तक्रारीचा अर्ज असेल.

"पुढच्या खेपेला मला न्या," तो म्हणाला. "ओल्याला हात कसा लावायचा, ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं."