काळ्या समुद्राला दोन नारळ

पहिलं बाळंतपण माहेरीच, हा आईचा हट्ट. माहेर नागावला आणि मी कॅनडात, हा तिच्या लेखी किरकोळ मुद्दा. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझा गर्भपात झाला होता, त्यामुळे या खेपेला आम्ही सगळेच धास्तावलेले. तरी सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि मला तर आईच्या हातचं खायचे डोहाळेच लागले होते.

तिकीट निघालं आणि आता आईलाच घोर लागला. फोनवर म्हणाली, "पोटुशी खाडी ओलांडते तेव्हापन नारळ देतात. तुज्या वाटंत समुद्र किती हायत?"

तिच्या लाडक्या जावयाने नकाशा उघडून अटलांटिक, काळा समुद्र, कॅस्पियन, अरबी अशी नावं वाचून दाखवली. झालं! वाडीतले नारळ घेऊन आई किनाऱ्यावर गेली. काळ्याला दोन वाहिले, कारण नावच तिला बरं वाटलं नाही. विमान पाण्याला शिवणारसुद्धा नाही, असं मी सांगून पाहिलं.

"वरून गेलं तरी अंगण त्याचंच ना," ती म्हणाली.

विमानात मी शहाण्या मुलीसारखी वागले. कडेची सीट, पायांत घट्ट मोजे, पट्टा पोटाच्या खालून. पाणी प्यायचं, उठायचं, फेऱ्या मारायच्या. मध्येच एकदा पोट ताठरलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बसून राहिले, पाणी प्यायले. पोट सैल पडलं, बाळाने लाथ मारली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मुंबईला बाहेर आले तर आई समोरच उभी. मिठी नाही, काही नाही. ती सरळ खाली बसली आणि माझे घोटे अंगठ्याने दाबून बघू लागली. लोकांना वाटलं असेल, आई लेकीच्या पाया पडतेय.

"सूज न्हाय," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. "माज्या हट्टापायी आलीस. यंदापन काय झालं असतं तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं?"

मला वाटत होतं, प्रवासभर मी फार धीराने वागले. खरं तर माझ्या वाटणीचं घाबरणंही इकडे हीच घाबरत बसली होती. मी तिला हाताला धरून उठवलं.