सगळ्यांची उत्तरं शून्य

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास ईशाचा, सुधाताईच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई उठत नाहीये. आय कॉल्ड नाइन-वन-वन. कॅन यू कम?" शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आम्ही दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. मी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्सची माणसं सामान सावकाश पिशव्यांत भरत होती. त्यांची घाई संपलेली बघूनच मला कळलं. बावन्न वर्षांची माझी मैत्रीण झोपेतच गेली होती, हार्ट ॲटॅकनं. आज पाच आठवडे झाले. तेव्हापासून लिहायचं म्हणतेय, पण लिहायला बसलं की तिच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

ती सांगलीची, मी नागपूरची. एका संशोधन केंद्रात आम्ही दोघी आकडेवारीचं काम करायचो. ऑफिसच्या खिडक्या न उघडणाऱ्या. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आत हीटरची कोरडी हवा, दुपारपर्यंत जीव घुसमटायचा. "इथून उठून जावं तर कुठं?" सुधाताई म्हणायची, आणि हा नुसता खिडक्यांचा प्रश्न नव्हता. तिचं ग्रीनकार्ड वर्षानुवर्षं रांगेत होतं. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि तिच्या व्हिसावर ईशाचं इथलं कॉलेज. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली, म्हणजे भारतात गेलं तर परत यायला नवा शिक्का हवा, आणि तो कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. सांगलीत आई अंथरुणाला खिळली होती. नवरा केव्हाच वेगळा झाला होता. आमचं हातातलं काम संपलं की ती दोन महिने रजा काढून, होईल ते होवो म्हणून जाणार होती. तिनं बॅगसुद्धा काढून ठेवली होती.

काम होतं एका प्रश्नावलीचं. माणसाला नैराश्य आलंय का, हे ओळखायला डॉक्टर वापरतात ती छोटी इंग्रजी प्रश्नावली फारसीत आणायची होती, इथल्या इराणी लोकांसाठी. भाषांतर आमच्या ऑफिसातल्या मेहरीनं केलं, ती मूळची इराणमधल्या शिराझची. दुसऱ्या कुणीतरी मूळ न बघता ते पुन्हा इंग्रजीत आणलं आणि दोन्ही छान जुळलं. पण तेवढ्यानं भागत नाही. ती खऱ्या माणसांकडून भरून घ्यायची, पंधरा दिवसांनी त्याच माणसांकडून पुन्हा भरून घ्यायची आणि उत्तरं कितपत टिकतात ते तपासायचं. गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का, झोप उडाली का, कशातच रस वाटेनासा झाला का... 'अजिबात नाही'ला शून्य, 'जवळजवळ रोज'ला तीन.

मेहरी घरोघरी जाऊन प्रश्न वाचून दाखवायची. आकडे आले आणि मी खूश. दोन्ही वेळची उत्तरं इतकी जुळत होती की मी पळत सुधाताईच्या टेबलाशी गेले. तिनं चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"दोन्हीदा शून्य? सगळ्यांची? एवढी सुखी माणसं राहतात होय गं इथं?"

मग ती हट्टानं मेहरीबरोबर एका घरी गेली, मलाही ओढून नेलं. घरात एक निवृत्त इंजिनिअर एकटेच राहत होते. त्यांनी स्वच्छ काचेच्या पेल्यांत चहा दिला, पिस्ते पुढे केले, खाल्ल्याशिवाय सोडेनात. मेहरी विचारत गेली आणि ते छातीवर हात ठेवून प्रत्येक प्रश्नाला 'देवाची कृपा, नाही' म्हणत गेले. बाहेर पडल्यावर मेहरी म्हणाली, "दारी आलेल्या पाहुण्यासमोर रडगाणं गाणं म्हणजे त्याचा अपमान. हे आमच्या रक्तातच आहे. आणि मीही त्यांच्यातलीच, म्हणून मलाही ते खरं वाटत राहिलं."

चूक भाषांतरात नव्हती, पाहुणे होऊन घेतलेल्या त्या चहात होती. आमच्या प्रमुख बाईंना जुळलेले आकडे पुरेसे होते, त्या अहवाल पाठवायला निघाल्या होत्या. सुधाताईनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर त्याच महिन्यात ती सांगलीला गेली असती. ती म्हणाली, "मंजू, उद्या एखादा डॉक्टर हा कागद बघून कुणालातरी 'तुम्ही ठीक आहात' म्हणून घरी पाठवेल. मला नाही जमायचं." सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. आता कागद आणि पाकीट द्यायचं, माणसाला खोलीत एकटं सोडायचं, पाकीट बंद करूनच परत घ्यायचं. तीन महिने वाढले. त्याच इंजिनिअरकाकांच्या पाकिटातल्या कागदावर जवळजवळ सगळीकडे तीन होते. त्यांना वेळेवर मदत मिळाली, हे मला माहीत आहे.

त्या तीन महिन्यांतच सुधाताईची आई गेली. तिनं अंत्यविधी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये फोनवर पाहिला, दार लावून. सकाळी नऊ वाजता बाहेर आली, तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "चल, दुसऱ्या फेरीची पाकिटं उघडायचीत." तिनं काढलेली बॅग मग परत माळ्यावर गेली.

एकदा घरी जाताना गाडीत मी तिला विचारलं, "झोप लागते ना गं ताई?"

"छान लागते. तू रस्त्याकडं बघ."

आणि मी रस्त्याकडं बघितलं! महिनोन्महिने मी शेकडो शून्यांवर संशय घेतला, आणि शेजारी बसलेल्या बाईचं शून्य तसंच्या तसं उचलून ठेवलं. ती जिने चढताना थांबायची, डबा अर्धा परत न्यायची, हे मला दिसत होतं. ईशाला नंतर आईच्या फोनमध्ये डॉक्टरच्या चार अपॉइंटमेंट सापडल्या, चारही कॅन्सल केलेल्या. आजारी दिसलो तर नोकरी जाईल, ही भीती तिला होती. ती भीती मलाही आहे, म्हणून तर मी जास्त खोलात शिरले नाही.

गेल्या रविवारी सांगलीहून तिच्या धाकट्या भावाचा, विकासचा फोन आला. व्हिसा न मिळाल्यामुळे तो बहिणीला शेवटचं बघायलाही येऊ शकला नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाला, "मंजूताई, एकच विचारायचं होतं. अक्का तिकडं सुखात होती ना हो?"

माणसाला कसं विचारायचं आणि खरं कसं काढून घ्यायचं, यातच माझी गेली दोन वर्षं गेली.

"हो," मी म्हणाले, "अगदी मजेत होती."

"बरं वाटलं ऐकून," तो म्हणाला. "आणि तुम्ही? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी पण," मी म्हणाले. "अगदी मजेत."