चिखलातली गाडी

आमच्या सातपूरच्या कॉलनीत एक दादा आहेत. कंपनीतून सुटले की गाडीला चिकटतात. गाडी स्वस्तातली, पण डोंगरात न् चिखलात घालायची. तिला त्यांनी जाड टायर टाकले, हँडल उंच केलं, इंजिनाखाली पत्रा ठोकला. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक मात्र अजून तसंच आहे.

"दादा, आता तरी कच्च्या रस्त्यात घाला," मी म्हणतो.

"कसंय भाऊ," म्हणत ते आधी पेट्रोलच्या टाकीवरची धूळ फुंकर मारून उडवतात. "अजून एक काम राहिलंय." त्यांची ही नक्कल करून करून माझं तोंड दुखलं.

परवा कसंबसं त्यांना सायखेड्याला नदीकाठी नेलं. तिथं माझीच साधी गाडी गाळात रुतली. रेस दिली की आणखी खाली जायची.

"दादा, तुमची आणा, दोरीनं ओढू. टायर याच्यासाठीच टाकलेत ना?"

"कसंय भाऊ..." त्यांनी गाडी डांबरावरच ठेवली आणि इस्त्रीच्या पँटीसकट स्वतः गाळात उतरले. छाती लावून माझी गाडी बाहेर काढली. मला एकदम भरून आलं. मी जवळची एकुलती एक बाटली पुढं केली, "प्या दादा." त्यांनी सगळं पाणी पायांवर ओतलं.

तरी पँटीचा चिखल काही निघेना. मग प्लास्टिक खराब होईल म्हणून सातपूरपर्यंत ते उभ्यानंच गाडी चालवत आले.

सिग्नलला एक जण त्यांच्या अंगावरचा चिखल बघून म्हणाला, "काका, लय डेंजर चालवता वाटतं."

दादांनी टाकीवर फुंकर मारली.